गुरू भेटतो तो पोरांनाच

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. कोल्हापुरात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत किशोरवयीन मुलींचा गट जमला होता. विषय होता ‘माझं शरीर, माझा निर्णय’. मी फळ्यावर लिहीत होते आणि मागच्या ओळीत दहावीत गेलेली एक मुलगी मांडीवर मोबाईल ठेवून त्यात बुडून गेली होती. शाळेच्या फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळणारी, अंगाने किरकोळ, पायाने चपळ. मी जवळ जाऊन मोबाईल हातात घेतला. पडद्यावर काळ्यापांढऱ्या रेषांत काढलेला एक उंच, थंड डोळ्यांचा पुरुष होता.

“हा कोण गं?”

“नोएल नोआ. जगातला एक नंबरचा स्ट्रायकर हाय, ताई. आता तो इसागीचा मास्टर झालाय. मी रोज वाचतो की.”

तेव्हा मी सवयीप्रमाणे एक छोटंसं भाषण दिलं. पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेल्या गोष्टी, त्यात बाई नाहीच, असलीच तर शोभेला, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, तुम्ही वाचलायसा काय?”

मी वाचलेलं नव्हतं. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला एक गोष्ट घोकून शिकवली होती, की समोरच्या माणसाचं जग समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर मत देऊ नये. ती मी पोरीसमोर विसरले. म्हणून मग वाचलं. मैत्रिणींनो, हा लेख त्या वाचनातून आलेला आहे, आणि त्यानंतर जे घडलं त्यातूनही.

आधी गोष्ट काय आहे ते सांगते. जपानमध्ये चित्रकथांना मांगा म्हणतात. ‘ब्लू लॉक’ नावाची ही मांगा 2018 पासून तिथल्या एका साप्ताहिकातून प्रसिद्ध होते आहे. लेखक मुनेयुकी कानेशिरो, चित्रं युसुके नोमुरा यांची. जपानच्या फुटबॉल संघाला विश्वचषक जिंकता येत नाही, कारण त्याच्याकडे गोलसाठी हपापलेला स्ट्रायकर नाही, असं ठरवून देशभरातले 300 तरुण स्ट्रायकर एका बंदिस्त इमारतीत आणले जातात. त्यातून एकच शिल्लक राहणार. जो बाद होईल त्याला देशाच्या संघात खेळण्याचा हक्क कायमचा गमवावा लागणार. त्यांना शिकवण एकच: स्वार्थी व्हा. सहकाऱ्याचा विचार सोडा. मैदानावर मीपणा हाच धर्म. या शिकवणीच्या प्रशिक्षकाचं आडनावच मुळी ‘एगो’ आहे!

पुढे युरोपात खेळणारे पाच नामवंत खेळाडू या मुलांचे मास्टर म्हणून येतात. त्यातला सर्वांत मोठा नोएल नोआ. नायक इसागी लहानपणापासून ज्याची पूजा करत आला, तोच आता त्याचा गुरू. नोआ पाठीवरून हात फिरवत नाही, धीर देत नाही. तो फक्त खेळ बघतो. जमत असेल तर खेळ, नसेल तर बाजूला हो.

आता माझी पहिली तक्रार. 300 मुलं, आणि त्यांत एकही मुलगी नाही. आन्री तेइएरी नावाची एक बाई आहे, फुटबॉल संघटनेत नोकरी करणारी. खरं तर ही सगळी योजना उभी राहावी म्हणून धडपडते तीच. पण पानोपानी श्रेय कुणाच्या नावावर जातं ते सांगायला नको. आपल्या संस्थांतही असंच चालतं ना? हे काही नवीनही नाही. 1981 साली योइची ताकाहाशींनी सुरू केलेल्या ‘कॅप्टन त्सुबासा’मध्येसुद्धा गुरू होता. रोबेर्तो होंगो, डोळ्याच्या दुखण्यामुळे खेळ सोडावा लागलेला ब्राझीलचा खेळाडू. तो त्सुबासाच्या घरी येऊन राहतो आणि त्याच्या डोळ्यांत ब्राझीलचं स्वप्न पेरतो. आणि त्या गोष्टीतली सानाए? ती झेंडा घेऊन ओरडते, संघाची कामं बघते, शेवटी नायकाची बायको होते. चाळीस वर्षांत चित्रं बदलली, तंत्र बदललं, पण गुरू कुणाच्या दारात येऊन उभा राहतो ते बदललं नाही.

यावर कुणी म्हणेल, ती जपानी पोरांची करमणूक, तिचं आपल्याला काय? म्हणून आता कोल्हापूरला येऊ या.

बाहेरगावच्या मैत्रिणींना कदाचित ठाऊक नसेल, पण महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड बघायचं असेल तर कोल्हापुरात यावं. इथे फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं एखाद्या घराण्याच्या अभिमानाने घेतली जातात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागचं मैदान उभं राहिलं, पेठांपेठांतून तालमी घुमू लागल्या. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी लाल मातीबरोबर चेंडूही जवळ केला. शाहू स्टेडियमवर हंगामात सामना असला की पेठा ओस पडतात. आफ्रिकेतून खेळाडू आणले जातात. कधी हाणामारी होते, पोलीस येतात, सामने थांबतात. तरी पुढच्या आठवड्यात गॅलरी पुन्हा भरलेली.

या शहरात पोराला गुरू कसा भेटतो ते मी दहा वर्षं बघते आहे. त्यासाठी कुठली बंदिस्त इमारत लागत नाही. संध्याकाळी पाचला पोरगा चेंडू घेऊन बाहेर पडतो. कट्ट्यावर तालमीचा जुना खेळाडू बसलेला असतो. तो दोन दिवस बघतो आणि तिसऱ्या दिवशी हाक मारतो, “ए, डावा पाय वापर की!” चौथ्या दिवशी त्याला आपल्याबरोबर मैदानावर नेतो. सामना संपल्यावर चहाच्या गाडीवर तासभर चर्चा चालते. कोण कुठे चुकला, चेंडू कुठून यायला हवा होता, पंचाने काय घाण केली. पोरगा गप्प उभा राहून ऐकतो. खरं शिक्षण तिथे होतं. जुने बूट तिथे मिळतात, कुठल्या संघाला पोरं हवी आहेत ते तिथे कळतं, निवड चाचणीची तारीख तिथे समजते. त्याची फी नाही की अर्ज नाही. लागतो तो फक्त रिकामा वेळ, आणि रस्त्यावर विनाकारण उभं राहण्याचा हक्क.

नेमक्या याच दोन गोष्टी आपल्या मुलींकडे नसतात.

संध्याकाळी पाच ते सात हा वेळ वस्तीतल्या मुलीचा कसा जातो? नळाला पाणी येतं. आई कामावरून यायची असते. धाकट्याला क्लासहून आणायचं, भाताचा कुकर लावायचा, वाळलेले कपडे काढायचे. त्या कपड्यांत भावाची जर्सीही असते. आणि समजा वेळ मिळालाच, तर ती कट्ट्यावर बसेल काय? चहाच्या गाडीशी तासभर उभी राहील काय? राहिली तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत तिच्याबद्दल काय बोललं जाईल ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहे. ‘मुलींना खेळायला कुणी अडवलंय?’ असं मला दर वेळी विचारलं जातं. अडवायला कशाला कोण हवं? शिकण्याची जागाच अशी निवडायची की तिथे बाईला उभंच राहता येऊ नये, म्हणजे झालं. मग म्हणायला मोकळे, की मुलींमध्ये गुणच नाहीत!

आमच्या कोल्हापूरची एक गंमत आहे. इथे मुली ‘मी जाते’ म्हणत नाहीत, ‘मी जातो’ म्हणतात. ‘मी जेवलो’, ‘मी आलो’, ‘मी खेळतो’. पुण्यामुंबईकडची माणसं हसतात. मीसुद्धा घरी ‘येतो’ म्हणते आणि लेखात ‘येते’ लिहिते. भाषेने आम्हाला पुरुषाचं क्रियापद कधीच देऊन टाकलं. मैदान मात्र दिलं नाही.

इथवर मी माझ्या ठरलेल्या वाटेने चालले होते. ब्लू लॉक हे पुरुषी अहंकाराचं शिबिर, नोआ हा त्याचा मठाधिपती, आणि आपण बायांनी या मीपणाविरुद्ध सहकार्याचं मूल्य मांडायचं, असा लेख मी मनात जवळजवळ लिहून ठेवला होता. पुढच्या बैठकीत मी हे मुलींसमोर मांडलंही. म्हटलं, हा मीपणा उभा राहतो तो कुणाच्या कष्टावर? त्या 300 पोरांचे मोजे कोण धुतं, हे कुठल्या चित्रात आहे का? मुली हसल्या. पण ती हसली नाही.

ती म्हणाली, “ताई, इसागी पहिल्या भागात काय करतो माहिताय न्हवं? गोल समोर असतोय. मारायचा सोडून पास देतोय. ज्याला दिला त्याला जमत न्हाई, आणि मॅच हरत्यात. मग तो रडतोय. मी ते वाचलं आणि मला वाटलं, ही माझीच गोष्ट हाय.” आणि थोडं थांबून म्हणाली, “मला कोण आजपर्यंत म्हणालं न्हाई, की तू मार म्हणून.”

मैत्रिणींनो, त्या वाक्यापुढे मला उत्तर नव्हतं. मी किती वर्षं चळवळीत आहे, किती शिबिरं घेतली, पण हे मला एका जपानी चित्रकथेच्या निमित्ताने दहावीतल्या पोरीने शिकवलं. मुलग्याला ‘स्वार्थी हो’ सांगणं म्हणजे वाहत्या नदीत तांब्या ओतणं. पण तेच मुलीला सांगितलं तर? मुलींना जन्मापासून पासच द्यायला शिकवतात. ताटातला चांगला तुकडा भावाला पास. शिकण्याची पाळी आली की कॉलेजची फी भावाला पास. नोकरी नवऱ्याच्या बदलीसाठी पास. आणि हक्कसोडपत्र म्हणजे दुसरं काय असतं? महाराष्ट्राने 1994 साली आणि देशाने 2005 साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला. कायद्याने चेंडू पायात आणून ठेवला, समोर गोल मोकळा, आणि आपल्या बहिणी तलाठ्याच्या दारात जाऊन भावाला पास देतात. वर ‘माहेर तुटायला नको’ म्हणून डोळे पुसतात. या बाईला सहकार्याचं आणखी एक प्रवचन कशाला हवं? तिला कुणीतरी ‘तू मार’ म्हणायला हवं आहे.

नोआबद्दलही तिचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. “तो कुणाचा हे बघत न्हाई. गोल मारतोय का न्हाई एवढंच बघतोय.” त्याच्या ज्या थंडपणाचा मला राग आला होता, त्याचं तिला अप्रूप होतं. का असू नये? मैदानावर गेलेल्या मुलीकडे लोक काय काय बघतात! रंग काळा पडला का, मांड्या दिसतात का, चालणं पोरासारखं झालंय का, पुढे लग्नाला अडचण येईल का. या सगळ्या नजरांतून सुटून आपला फक्त खेळ कुणीतरी बघावा, चुकला तर चुकला म्हणावं, ही इच्छा माणूस म्हणून ओळखलं जाण्याची इच्छा आहे. तेव्हा माझं भांडण नोआच्या मापाशी नाही. ते माप आमच्या मुलींनाही लावा. माझं भांडण आहे ते नोआच्या दाराशी, जे फक्त मुलग्यांसाठी उघडतं.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं आहे.

जून-जुलैत मुलींच्या एका निवड चाचणीची बातमी आली. ठिकाण दुसऱ्या शहरात, मुक्काम एक रात्र. ती पळत माझ्याकडे आली. आईला सांगा म्हणाली. तिची आई चार घरची धुणीभांडी करते, सरळ बाई आहे. ती मला म्हणाली, “ताई, दहावीचं वर्ष हाय. मी तिला म्हणालोय, परीक्षा झाली की बघू. तुमचं काय मत?” आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, “बरोबर आहे तुमचं. आधी दहावी होऊ दे.”

मुलगी काही बोलली नाही. पिशवी उचलून गेली.

दोन दिवसांनी मी एका फायलीत काहीतरी शोधत होते, आणि मला माझ्याच सहीचं एक पत्र सापडलं. आदल्या वर्षीचं. दहावीतल्याच एका मुलाला चाचणीसाठी बाहेरगावी जायचं होतं, म्हणून त्याच्या शाळेला लिहिलेलं. ‘सदर विद्यार्थी गुणी खेळाडू असून त्यास सवलत मिळावी.’ त्याची दहावी मला आठवली नव्हती. त्याची एक रात्रही मला धोक्याची वाटली नव्हती. पितृसत्ता म्हणजे काय ते मी गेली दहा वर्षं फळ्यावर खडूने लिहून शिकवते आहे. त्या दिवशी ती मला माझ्याच अक्षरात वाचायला मिळाली.

मी पास द्यायला लावला. गोल समोर असताना. चाचणी होऊन गेली.

स्वतःला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. मी असं का म्हटलं, याचा विचार केल्यावर दोन कारणं दिसतात, आणि ती दोन्ही आपल्या सर्वांची आहेत.

पहिलं कारण भीतीचं. अनोळखी शहर, एक रात्र, सोबत कोण प्रशिक्षक असेल कुणास ठाऊक. ही भीती खोटी नाही. 2022 साली भारताच्या 17 वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला परदेश दौऱ्यातल्या गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकण्यात आलं आणि पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. मुलींचा विश्वचषक आपल्याच देशात व्हायला तेव्हा काही महिनेच उरले होते. 2023 साली ऑलिंपिक पदक आणणाऱ्या साक्षी मलिकला आणि विनेश फोगाटला कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर रस्त्यावर बसावं लागलं. कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या आमच्या शहराने ते किती मनावर घेतलं, हा प्रश्न मी इथल्या वस्तादांना विचारते. ज्याच्या एका शब्दावर निवड अवलंबून, ज्याच्यापुढे तोंड उघडायचं नाही, असा एकमेव गुरू गोष्टीत शोभतो. प्रत्यक्षात अशी बेलगाम सत्ता कुणाच्याही हातात दिली तर काय होतं ते आपण आश्रमांत पाहिलं, वसतिगृहांत पाहिलं, मैदानांवरही पाहिलं. मात्र या भीतीचा निकाल मुलीला घरात बसवून लावायचा, हे आपलं नेहमीचं उत्तर चुकीचं आहे. गुन्हा करणारा मैदानात आणि मुलगी स्वयंपाकघरात, हा कुठला न्याय?

कायदा आपल्या हातात आहे. भंवरीदेवीच्या लढ्यातून 1997 साली विशाखा निकाल आला आणि त्यातून 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा. या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ या शब्दात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा, प्रशिक्षणाच्या वेळची राहण्याची जागा हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. जिथे कमी आहेत त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुलगी 18 वर्षांखालची असेल तर 2012 चा पोक्सो कायदा लागू होतो, आणि ज्याला गुन्हा कळला त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा आहे. आपल्यापैकी कितीजणींनी आपल्या गावच्या क्रीडासंकुलात जाऊन ‘तुमची समिती कुठे आहे, सदस्यांची नावं कुठल्या भिंतीवर लावली आहेत’ असं विचारलंय? मीही विचारलं नव्हतं.

दुसरं कारण अधिक खोल आहे. आपल्या चळवळीने खेळ कधी गंभीरपणे घेतलाच नाही. पाणी, रेशन, मारहाण, हुंडा, बलात्कार, हे जगण्यामरण्याचे प्रश्न. त्यापुढे चेंडू म्हणजे चैन, असं आपल्याला वाटतं. पण बाईचं शरीर हेच जर या सगळ्या लढाईचं मैदान असेल, तर ज्या शरीराला पळणं, आदळणं, पडून उठणं, मोठ्याने ओरडून चेंडू मागणं माहीत आहे, ते शरीर मार खाताना वेगळं वागणार नाही काय? स्वसंरक्षणाची दोन दिवसांची शिबिरं आपण घेतो. रोज संध्याकाळचा दीड तास मैदानावर मिळाला तर वेगळ्या शिबिराची गरज किती उरेल?

आणि ज्यांना हे धोक्याचं वाटत नाही असं समजू नका. ज्यांची सत्ता आहे त्यांना ते नीट कळतं. 1920 च्या नाताळात लिव्हरपूलला बायकांचा फुटबॉल सामना बघायला 53,000 माणसं आली. गिरणी-कारखान्यांतल्या कामगार बायका खेळत होत्या. वर्षभरात, 1921 च्या डिसेंबरात, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ‘हा खेळ बायकांना योग्य नाही’ म्हणून आपल्या सदस्य क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. बायका खेळू शकत नव्हत्या म्हणून ही बंदी आली नाही. त्या खेळू शकत होत्या आणि लोक बघायला येत होते, म्हणून आली.

ज्या जपानने नोआ रंगवला त्या जपानची खरी गोष्टही ऐका. तिथे विश्वचषक आला आहे, पण तो आणला बायकांनी, 2011 साली. त्सुनामीने देश उद्ध्वस्त झाल्यावर चारच महिन्यांनी. होमारे सावा त्या संघाची कर्णधार. भावाच्या मागोमाग मैदानावर जाऊन पोरांत खेळायला शिकलेली, पंधराव्या वर्षी देशाच्या संघात आलेली. अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध जादा वेळेतल्या शेवटच्या मिनिटांत तिने बरोबरी साधली. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल तिचे आणि सर्वोत्तम खेळाडूही तीच. जगज्जेता झाल्यावर पुढच्या वर्षी हा संघ लंडन ऑलिंपिकला निघाला, तेव्हा त्या बायकांना विमानात खालच्या वर्गात बसवलं आणि पुरुषांच्या संघाला महागड्या वर्गात. रौप्यपदक घेऊन परतताना मग त्यांना वरच्या वर्गात जागा मिळाली. तेव्हा आधी जिंकून दाखवा आणि मग माणसासारखं बसा, हा नियम फक्त आपल्याकडचा नाही.

आणि वेगळी गोष्ट लिहिता येत नाही असंही नाही. नाओशी अराकावा या चित्रकाराची 2016 ते 2020 या काळात आलेली ‘सायोनारा वाताशी नो क्रामर’ ही मांगा शाळकरी मुलींच्या फुटबॉलची आहे, आणि तिथे मुलींना शिकवायला येते ती राष्ट्रीय संघातून खेळलेली एक बाई. ती मी आमच्या गटात सांगितली तेव्हा मुलींनी पहिला प्रश्न विचारला, “असं खरंच असतंय काय, ताई?”

असायला हवं. आणि ते एका गुरूच्या चमत्काराने होत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या पुढच्या फळीत खेळला. रिक्षाचालकाचा मुलगा. आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. पण त्याच्या मागे काय होतं? पेठेतलं मैदान होतंच, शिवाय पुण्याची क्रीडाप्रबोधिनी होती, म्हणजे सरकारी खर्चाने राहणं, जेवण, शाळा, रोजचा सराव. गरिबाचं पोर देशासाठी खेळलं ते व्यवस्थेमुळे. मुलींच्या बाबतीतही हेच दिसतं. याच शहराच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली नेमबाजीत जगज्जेतेपद आणलं, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. जिथे दार उघडं मिळालं तिथे आमच्या मुली जगात पहिल्या आल्या. फुटबॉलमध्येही 2019 साली कोल्हापूर सिटी नावाचा मुलींचा संघ देशाच्या महिला लीगमध्ये खेळून आला. तेव्हा पेठांमध्ये किती फटाके वाजले? तालमीच्या पोरांचा किरकोळ चषक आला तरी रात्रभर मिरवणूक निघते.

म्हणून आमचं मागणं ऐका. तालमींनी वरिष्ठ संघांवर आणि बाहेरच्या खेळाडूंवर होणाऱ्या खर्चातला ठरावीक वाटा मुलींच्या संघासाठी बाजूला काढावा. महापालिकेच्या मैदानांवर संध्याकाळचा ठरलेला वेळ मुलींचा असावा, उरलासुरला दुपारचा नव्हे. मैदानावर दिवे, पाणी आणि कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर बाई प्रशिक्षक असावी, आणि ती घडवण्यासाठी खेळून बाहेर पडलेल्या मुलींना प्रशिक्षकाच्या परीक्षेची फी द्यावी. प्रत्येक क्रीडासंस्थेत तक्रार समितीची नावं भिंतीवर लागावीत. आणि आयांनो, घरातल्या पोराला आपली जर्सी आपण धुवायला लावा. सुरुवात तिथूनही होते.

कार्यकर्त्या मैत्रिणींना एक काम सांगते. पुढचा अंक निघण्याआधी एक संध्याकाळ आपल्या गावातल्या सर्वांत मोठ्या मैदानाच्या कडेला बसा. पाच ते सात. नुसत्या मोजा. पोरं किती, पोरी किती, बायका किती उभ्या आहेत, आणि तुम्हाला तिथे दोन तास बसू दिलं जातं की ‘कुणाची वाट बघताय?’ असं विचारलं जातं. आकडे या अंकाकडे पाठवा. आम्ही आमच्या वस्तीतल्या बाया दर शनिवारी बसतो आहोत. पहिल्या शनिवारी आम्ही पाचजणी होतो आणि मैदानावर पोरगी एकही नव्हती. आता आम्ही चौदा आहोत. दोन जुने खेळाडू आमच्याशी बोलायला आले. एकाने आपल्या पुतणीला आणलं.

त्या मुलीची दहावीची अभ्यासिका चालू आहे. पुढची चाचणी होईल तेव्हा तिच्याबरोबर मी जाणार आहे, तिच्या आईला तसा शब्द दिला आहे. पत्र लिहून तयार ठेवलं आहे. मजकूर तोच, आदल्या वर्षीचा, फक्त ‘सदर विद्यार्थी’च्या जागी ‘सदर विद्यार्थिनी’ केलं आहे. तिला दाखवलं तर वाचून म्हणाली, “ताई, एवढं लिहिलायसा, पण मी स्ट्रायकर हाय ते कुठं लिहिलायसा?”

ते मी लिहिलं नव्हतं. आता लिहिलं आहे.